सुरक्षित अंगण, निर्धास्त बालपण

महाराष्ट्राच्या ग्रामजीवनात अंगण म्हणजे केवळ घरापुढील मोकळी जागा नव्हे. सकाळचा सडा येथेच पडतो, तुळशीपुढे सांजवात येथेच लागते, सुगीच्या दिवसांत शेंगा, मिरच्या आणि धान्य येथेच वाळत असते. घरातील लेकरू आपले पहिले पाऊलही बहुधा येथेच टाकते. भातुकलीपासून दिवाळीतील मातीच्या किल्ल्यापर्यंत बालपणातील सारे खेळ अंगणाच्या आश्रयानेच रंगतात. केंद्र शासनाने २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. त्या योजनेखालील गावोगावच्या बालकेंद्रांना 'अंगणवाडी' हेच नाव मिळाले. अंगण आणि बालक यांचे नाते किती जवळचे आहे, हे त्या एका नावावरूनच ध्यानी येते.

तथापि, हेच अंगण मोठ्या माणसांच्या कामाचीही जागा असते. पाण्याचा हौद, अंघोळीच्या पाण्याचा बंब, कडबा कापण्याचे यंत्र, पाण्याची मोटार, गोवऱ्यांचा व सरपणाचा ढीग, फवारणीचा पंप आणि औषधांच्या बाटल्या यांना येथेच जागा दिलेली असते. मोठ्यांच्या दृष्टीने ही संसाराची आणि शेतीची नित्याची साधने होत. नुकत्याच चालू लागलेल्या मुलाच्या दृष्टीने मात्र ती हात लावून पाहण्याजोगी नवलाची चीज असते. अपघात होतो तो या दोन दृष्टींमधील अंतरामुळे.

अपघात घडल्यानंतर गावात दोनच उद्गार ऐकू येतात. कोणी म्हणते, 'नशिबात होते.' कोणी विचारते, 'आई कुठे होती?' पहिल्या उद्गाराने उपाय खुंटतो. दुसऱ्याने आधीच कोसळलेल्या माउलीच्या माथी दोष येतो आणि हौद मात्र पूर्वीसारखाच उघडा राहतो. वास्तविक अशा बहुतेक अपघातांची कारणे ठाऊक आहेत आणि त्यांवरील उपाय घरच्या घरी करता येण्याजोगे आहेत. डोळ्यांत तेल घालून मुलाकडे लक्ष ठेवा, असा उपदेश केला जातो, तो चुकीचा नाही. परंतु स्वयंपाक, धुणी, गुरे आणि शेत सांभाळणाऱ्या बाईचे लक्ष क्षणभरही ढळू नये, ही अपेक्षा वाजवी नव्हे. म्हणून लक्षाच्या जोडीला अंगणात झाकण, कठडा आणि कुलूप यांची कायम व्यवस्था हवी. माणसाची नजर थकते, कठडा थकत नाही.

मुलाच्या उंचीवरून पाहणी

अंगण सुरक्षित करण्याची पहिली पायरी बिनखर्चाची आहे. घरातील कर्त्या स्त्री-पुरुषांनी एकदा अंगणात उकिडवे बसावे आणि दोन वर्षांच्या मुलाच्या उंचीवरून सभोवार पाहावे. उभ्याने न दिसणाऱ्या कितीतरी गोष्टी मग दिसू लागतात. ओट्याखाली सरकवलेली औषधाची बाटली, मोटारीची सोललेली तार, बाजेखालचा विळा, बादलीतील उरलेले पाणी, भिंतीच्या बुंध्याशी पडलेली फट, अशा वस्तू एकेक करून नजरेस येतात. हात पोहोचेल तेथवरच्या प्रत्येक वस्तूविषयी तीन प्रश्न विचारावेत : हिच्यात मूल पडू शकेल काय? ही अंगावर पडू शकेल काय? ही तोंडात जाऊ शकेल काय?

ही पाहणी एकदा करून भागत नाही. रांगणारे मूल चार महिन्यांत उभे राहते आणि वर्षभरात पायरी चढून हौदाच्या काठाशी पोहोचते. अंगणही ऋतुमानाप्रमाणे पालटते. सुगीत धान्याची रास आणि यंत्रे येतात, पावसाळ्यात डबकी साचतात, उन्हाळ्यात पाणीटंचाईमुळे पिंपांची संख्या वाढते. म्हणून दर तीन-चार महिन्यांनी ही पाहणी पुन्हा करणे इष्ट होय.

सर्वांत मोठा धोका : पाणी

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे तीन लाख माणसे पाण्यात बुडून मृत्यू पावली. त्यांपैकी जवळजवळ एक चतुर्थांश पाच वर्षांखालील बालके होती. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने २०२१ मध्ये ठराव संमत करून २५ जुलै हा दिवस बुडण्यापासून बचावाचा जागतिक दिन म्हणून घोषित केला. भारत सरकारनेही २०२३ मध्ये या विषयावरील कार्यनीतीचा आराखडा प्रसिद्ध केला.

बुडणे म्हटले की नदी, समुद्र किंवा मोठी विहीर डोळ्यांसमोर येते. लहान मुलांच्या बाबतीत मात्र घरापासून हाकेच्या अंतरावरील पाणीच अधिक घातक ठरते. त्याचे कारण बालकाच्या शरीररचनेत आहे. दीड-दोन वर्षांच्या मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते. बादलीत किंवा घंगाळात वाकून पाहताना त्याचा तोल पुढे जातो आणि हातांच्या बळावर स्वतःला मागे लोटण्याइतकी शक्ती त्याच्या अंगी नसते. नाक आणि तोंड बुडेल एवढे, म्हणजे वीतभराहूनही कमी पाणी त्यास पुरेसे होते. असे मूल ओरडत नाही, हातपाय आपटून मोठा आवाजही करीत नाही. शेजारच्या खोलीत भाकऱ्या थापणाऱ्या आईला काहीच ऐकू येत नाही. अवघ्या चार-पाच मिनिटांत प्राणवायूअभावी मेंदूस इजा होऊ लागते. एका तव्यावरची भाकरी उतरवून दुसरी टाकण्याइतकाच हा वेळ असतो.

ज्या भागात नळाला रोज पाणी येत नाही, तेथे साठवण करावीच लागते. तेव्हा पाणी साठवू नका, असे सांगणे व्यर्थ होय. साठविलेले पाणी झाकून ठेवणे हाच त्यावर मार्ग आहे. जमिनीलगतच्या हौदास लोखंडी पत्र्याचे किंवा जाड फळ्यांचे बिजागरी झाकण बसवावे आणि त्यास कडी घालावी. झाकण असे असावे की त्यावर मूल बसले तरी ते आत कोसळू नये. नुसते गोणपाट अंथरणे उघड्या हौदापेक्षाही वाईट, कारण पाणी दिसेनासे होते आणि मूल निःशंकपणे त्यावर पाय ठेवते. बादल्या आणि घंगाळी वापरानंतर रिकामी करून पालथी घालावीत. हौदाशेजारी पायरीसारखा उपयोग होईल असा दगड, खोके किंवा पालथी बादली ठेवू नये.

या संदर्भात एक गोष्ट आवर्जून नमूद करण्यासारखी आहे. डासांचा नायनाट व्हावा म्हणून आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळण्याची आणि पाण्याची भांडी झाकून ठेवण्याची शिकवण आरोग्य विभाग अनेक वर्षांपासून देत आला आहे. जे झाकण डासाला अंडी घालू देत नाही, तेच नीट बळकट केले तर बालकालाही वाचविते. कोरड्या दिवशी घरोघर फिरणाऱ्या आशा कार्यकर्तीने अळ्या पाहताना हौदाच्या झाकणाची मजबुतीही पाहिली, तर वेगळा खर्च अथवा वेगळी मोहीम न काढता दोन्ही उद्देश साधतील.

अंगणालगतची विहीर हा याच धोक्याचा मोठा प्रकार होय. मळ्यातील वस्त्यांवर आजही कठडा नसलेल्या विहिरी आढळतात. कठडा सुमारे एक मीटर उंच असावा आणि त्याच्या बाहेरच्या अंगास चढण्याजोगे खोबण नसावे. तोंडावर लोखंडी जाळी बसविल्यास अधिक चांगले. शेततळ्यांकडेही याच दृष्टीने पाहिले पाहिजे. 'मागेल त्याला शेततळे' ही योजना राज्यात २०१६ पासून राबविली गेली आणि कोरडवाहू शेतीस त्यामुळे आधार मिळाला. परंतु अस्तराचा प्लॅस्टिक कागद ओला होताच अत्यंत निसरडा होतो आणि आत घसरलेले मूलच काय, पोहता येणारा प्रौढ माणूसही सहज वर येऊ शकत नाही. म्हणून शेततळ्यास चहूबाजूंनी तारेचे कुंपण व कडीचे फाटक असावे. शिवाय काठावरील खुंट्यांना गाठी मारलेले जाड दोर बांधून ते पाण्यापर्यंत सोडून ठेवावेत.

शौचालयाचे आणि सांडपाण्याचे शोषखड्डेही दुर्लक्षून चालणार नाही. बांधकाम रेंगाळले की खड्डा महिनोन्‌महिने उघडा राहतो आणि पहिल्याच पावसात भरतो. ज्या दिवशी खड्डा खणला, त्याच दिवशी त्यावर भक्कम आच्छादन पडले पाहिजे.

पाण्यातून काढलेल्या मुलास उलटे धरून हेलकावे देणे, डोक्यावर घेऊन गरगर फिरविणे किंवा पोट दाबणे हे प्रकार अनेक ठिकाणी केले जातात. त्यांत मोलाचा वेळ वाया जातो आणि अपायही होतो. मूल श्वास घेत नसेल तर त्यास सपाट जागी उताणे निजवावे, हनुवटी किंचित वर उचलावी आणि त्याच्या तोंडावाटे प्रथम पाच वेळा हळुवार श्वास द्यावा. त्यानंतर छातीच्या मध्यभागी तीस दाब आणि दोन श्वास असा क्रम, मूल श्वास घेऊ लागेपर्यंत अथवा वैद्यकीय मदत येईपर्यंत, चालू ठेवावा. दुसऱ्या माणसाने तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ही कृती वाचून नव्हे, तर प्रत्यक्ष करून शिकावी लागते. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या साहाय्याने तिचे प्रात्यक्षिक शाळेत किंवा ग्रामसभेच्या वेळी घडवून आणता येईल.

उघड्या कूपनलिका

पाणी लागले नाही म्हणून सोडून दिलेली कूपनलिका हा जमिनीतील अरुंद मृत्युकूपच होय. हरियाणातील कुरुक्षेत्र जिल्ह्यात हल्दाहेडी गावी जुलै २००६ मध्ये एक लहान मुलगा अशा कूपनलिकेत पडला. सुमारे दोन दिवसांच्या अथक प्रयत्नांनंतर लष्कराच्या जवानांनी त्यास सुखरूप बाहेर काढले आणि साऱ्या देशाने सुटकेचा निःश्वास टाकला. त्यानंतर निरनिराळ्या राज्यांत अशा खड्ड्यांत पडलेल्या कित्येक बालकांच्या वाट्यास मात्र ते भाग्य आले नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली याबाबत देशभरासाठी निर्देश दिले. कूपनलिका खोदण्यापूर्वी जमीनमालकाने पंधरा दिवस आधी संबंधित अधिकाऱ्यांना लेखी कळविणे आवश्यक आहे. खोदकाम करणारी संस्था नोंदणीकृत असावी. काम चालू असताना तेथे फलक आणि काटेरी तारेचे कुंपण असावे. नलिकेभोवती जमिनीच्या वर ०.३० मीटर व खाली ०.३० मीटर असा सिमेंटचा चौथरा बांधावा आणि तोंड पोलादी पत्रा जोडून किंवा नटबोल्टाच्या झाकणाने बंद करावे. निकामी झालेली कूपनलिका माती, वाळू, दगड-गोटे यांनी तळापासून जमिनीच्या पातळीपर्यंत भरून काढावी. ग्रामीण भागात या सर्वांवर देखरेख ठेवण्याचे काम सरपंच आणि कृषी विभागाचे अधिकारी यांच्यावर सोपविलेले आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीतील चालू आणि बंद कूपनलिकांची नोंदवही ठेवली, तर या निर्देशांना अर्थ प्राप्त होईल. तोंडावर नुसता दगड किंवा गोणी ठेवणे म्हणजे बंदोबस्त नव्हे.

विस्तव आणि वीज

अंगणातील चूल आणि तांब्याचा बंब यांच्यामुळे होणारे अपघात विशेषतः थंडीच्या दिवसांत घडतात. कढत पाण्याची बादली अंघोळीच्या जागी नेऊन ठेवली जाते, विसण घालण्यासाठी गार पाणी आणण्यास माणूस वळतो आणि तेवढ्यात मूल बादलीशी पोहोचते. येथे एक साधा नियम पाळावा : बादलीत आधी गार पाणी, मग कढत. चूल व बंब यांच्याभोवती दोन-तीन हातांचे रिंगण विटांनी किंवा बांबूच्या ताटीने वेगळे करावे. चुलीतील निखारे विझवूनच उकिरड्यावर टाकावेत. वरून राख दिसली तरी आत विस्तव असतो आणि अनवाणी पाय त्यात पडतो.

भाजलेल्या भागावर ताबडतोब स्वच्छ गार पाण्याची धार वीस मिनिटे धरावी. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद किंवा तेल लावू नये. कपडा त्वचेस चिकटला असल्यास तो ओढून न काढता, स्वच्छ कापडाने सैल झाकून मुलास दवाखान्यात न्यावे.

विजेच्या बाबतीत दोन गोष्टी तातडीने तपासाव्यात. पहिली, कपडे वाळत घालण्याची तार. ती धातूची असेल आणि विजेच्या खांबावरून घरात येणाऱ्या वायरीजवळ, पत्र्याच्या छपराला किंवा मोटारीच्या वायरीला लागून बांधलेली असेल, तर एखाद्या दिवशी तिच्यातच प्रवाह उतरतो. तारेऐवजी सुताची किंवा नायलॉनची दोरी बांधल्यास हा धोका टळतो. दुसरी, पाण्याची मोटार. तिला योग्य भूसंपर्क दिलेला असावा, वायरीला जोड नसावेत आणि बटण मोठ्या माणसाच्या खांद्याच्या वर असावे. घराच्या मुख्य जोडणीवर ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच बसविल्यास प्रवाहाची गळती होताच वीज क्षणार्धात खंडित होते. त्यासाठी होणारा खर्च हा संपूर्ण घराच्या जीविताचा विमाच समजावा.

बाटलीतील विष आणि झाडावरील विष

कीटकनाशक, तणनाशक, डिझेल किंवा रंगात मिसळण्याचे थिनर सरबताच्या अगर पाण्याच्या बाटलीत काढून ठेवण्याची सवय सर्वत्र आढळते. मूल बाटलीचा आकार ओळखते, आतील द्रव ओळखत नाही. या वस्तू मूळ डब्यातच, कुलूपबंद पेटीत, धान्य व चारा यांपासून दूर ठेवाव्यात. रिकामे डबे धुऊन पाणी भरण्यास वापरू नयेत. फवारणीचा पंप अंगणात न धुता शेतातच धुवावा, परंतु विहीर किंवा ओढ्याच्या काठी नव्हे.

परसातील काही झाडांविषयीही सावधगिरी हवी. कुंपणाला लावतात त्या मोगली एरंडाच्या, म्हणजे चंद्रज्योतीच्या बिया चवीस शेंगदाण्यासारख्या लागतात. त्या खाऊन एकाच वेळी अनेक मुलांना उलट्या-जुलाब झाल्याच्या घटना राज्यात वारंवार घडल्या आहेत. पिवळ्या कण्हेराची फळे, ज्यांना मुले 'बिट्टी' म्हणून खेळायला घेतात, हृदयाची गती बिघडविणारे विष बाळगतात. धोतरा आणि गुंज यांच्या बियाही विषारी होत. लहान मुले असलेल्या घराच्या, शाळेच्या आणि अंगणवाडीच्या कुंपणास ही झाडे लावू नयेत. असलेली झाडे काढून टाकणे शक्य नसेल, तर शिक्षकांनी मुलांना ती प्रत्यक्ष दाखवून ओळख पटवून द्यावी.

विष पोटात गेल्यास मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोटे घालून उलटी करविण्याचा प्रयत्न करू नये. रॉकेल, डिझेल यांसारखे द्रव उलटीवाटे फुप्फुसात शिरल्यास जास्त घात होतो. बाटली, तिच्यावरील चिठ्ठी किंवा खाल्लेली बी सोबत घेऊन मुलास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

अंगणात वाळत घातलेले शेंगदाणे, चिंचोके हे विष नव्हे. तथापि तीन-चार वर्षांखालील मुलाच्या श्वासनलिकेत ते अडकू शकतात. वाळवण बाजेवर किंवा गच्चीवर घालावे, जमिनीवर नको.

विंचू आणि साप

विंचवाला आणि सापाला अंगणात आणतो तो अडगळीचा ढीग. दगड, विटा, कौले, गोवऱ्या आणि सरपण यांच्या फटीत विंचू राहतो. सांडलेल्या धान्यामागे उंदीर आणि उंदरामागे साप येतो. म्हणून सरपण भिंतीलगत न रचता घरापासून दूर, जमिनीपासून हातभर उंच मांडणीवर ठेवावे. ढिगाऱ्यात मुलांना लपाछपी खेळू देऊ नये. उन्हाळ्यात अंगणात निजताना मुलास जमिनीवर न झोपविता बाजेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपवावे. मण्यार रात्री संचार करतो आणि जमिनीवर निजलेल्यांना झोपेतच दंश करतो. त्याच्या दंशाची वेदना पुष्कळदा जाणवतही नाही.

कोकणातील लाल विंचवाचा दंश लहान मुलांना एके काळी अनेकदा प्राणघातक ठरत असे. रायगड जिल्ह्यात महाड परिसरात सेवा करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून या दंशाचा बारकाईने अभ्यास केला आणि प्राझोसिन या औषधाचा उपयोग सिद्ध केला. त्यामुळे अशा गंभीर रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून १ टक्क्यापर्यंत उतरले. २०२२ साली त्यांना पद्मश्री देऊन गौरविण्यात आले. एका ग्रामीण डॉक्टरच्या चिकाटीने हे साध्य झाले. परंतु औषधाचा लाभ मिळण्यासाठी मूल वेळेत दवाखान्यात पोहोचले पाहिजे. घाम सुटणे, हातपाय गार पडणे, उलट्या होणे ही लक्षणे दिसताच मंत्र-उताऱ्यात एक क्षणही दवडू नये. सर्पदंशातही तोच नियम आहे. आवळपट्टी बांधणे, जखम कापणे किंवा चोखणे टाळावे, दंश झालेला अवयव हलू न देता मुलास उचलून न्यावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषारी सापांवर उतारा ठरणारी लस शासकीय रुग्णालयांतून दिली जाते.

यंत्रे, वाहने आणि झोका

कडबाकुट्टीचे यंत्र मुलांना चक्रासारखे भासते. काम संपताच त्याच्या चाकाला साखळी घालून कुलूप लावावे. विजेवर चालणाऱ्या यंत्राची जोडणी काढून ठेवावी. ट्रॅक्टर किंवा टेंपो मागे घेण्यापूर्वी चालकाने खाली उतरून एक फेरी मारावी, कारण चाकामागे बसलेले मूल आरशात दिसत नाही. उभ्या ट्रॅक्टरला किल्ली ठेवू नये. साडीचा झोका बांधला असल्यास त्यात मोठ्या मुलांनी एकट्याने पिळे घेत खेळू नये, त्याचा फास गळ्याभोवती बसू शकतो. खेळ संपल्यावर साडी वर गुंडाळून ठेवावी.

राखण कोणी करावी?

वरील सर्व उपाय केले तरी एक प्रश्न उरतोच. आईबाप कामावर गेल्यानंतर दीड-दोन वर्षांच्या मुलास कोणी सांभाळायचे? पुष्कळ घरांत याचे उत्तर सहा-सात वर्षांची थोरली बहीण हे असते. धाकट्यास कडेवर घेऊन ती दारात बसते आणि शाळेच्या हजेरीपटात तिच्या नावापुढे गैरहजेरी पडत जाते. खेळण्याच्या वयातील मुलीवर दुसऱ्या जिवाची जबाबदारी टाकणे हे दोघांवरही अन्यायाचे होय. दुर्दैवाने काही विपरीत घडले, तर आपल्यामुळे भाऊ गेला, ही बोच त्या मुलीला जन्मभर छळते. सतत गैरहजर राहणाऱ्या मुलीच्या घरी शिक्षक गेले, तर पुष्कळदा त्यांना तिची अनुपस्थिती आणि त्या अंगणातील असुरक्षितता यांचे मूळ एकच असल्याचे दिसेल.

याबाबत शेजारच्या बांगलादेशाचा अनुभव बोधप्रद आहे. तेथील खेड्यांत घरांच्या भोवतीच पुकुर असतात. माता घरकामात गुंतलेल्या असतात त्या सकाळी ९ ते दुपारी १ या वेळात लहान मुलांना सांभाळणारी 'आँचल' नावाची केंद्रे तेथे सुरू करण्यात आली. गावातीलच एक प्रशिक्षित स्त्री मुलांना सांभाळते, गाणी-गोष्टी सांगते. जेथे अशी केंद्रे चालली, तेथे बालकांचे बुडून होणारे मृत्यू लक्षणीय प्रमाणात घटले. पाणी तेथेच राहिले, मुले मात्र त्या वेळेपुरती सुरक्षित जागी आली.

महाराष्ट्रातील अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांची मुले काही तास येतात. एक ते तीन वर्षांची मुले, ज्यांना घरगुती अपघातांचा धोका मोठा, ती मात्र त्या वेळी घरीच असतात. केंद्र शासनाच्या मिशन शक्ती अंतर्गत 'पाळणा' योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघराची जोड देण्याची तरतूद आहे. शेतमजूर आणि ऊसतोड कामगार कुटुंबांची संख्या जेथे मोठी आहे, अशा गावांनी या तरतुदीचा पाठपुरावा करण्यासारखा आहे. तोवर घराच्या दारास अर्ध्या उंचीचे फाटक बसवावे. ते सुमारे ८० सेंटिमीटर उंच, उभ्या पट्ट्यांचे, दोन पट्ट्यांत १० सेंटिमीटरहून कमी अंतर असलेले आणि बाहेरून कडी लागणारे असावे. आडव्या पट्ट्यांची मुले शिडी करतात. गावचा सुतार बांबूच्या किंवा जुन्या फळ्यांच्या साहाय्याने असे फाटक एका दिवसात तयार करू शकतो.

ग्रामपंचायतीचे स्थान

घरातील अंगण खासगी असले, तरी बालकाची सुरक्षितता हा सार्वजनिक विषय आहे. शाश्वत विकासाच्या ध्येयांचे स्थानिकीकरण करताना पंचायतींसाठी जे नऊ विषय निश्चित झाले, त्यांत 'बालस्नेही गाव' हा एक आहे. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाच्या १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी खर्च करावयाची असते. त्या रकमेतून गरजू कुटुंबांना हौदाची झाकणे आणि दाराची फाटके देता येतील. सार्वजनिक विहिरींना कठडे व जाळ्या बसविण्याचे काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात समाविष्ट करता येईल.

याचा आरंभ मात्र निधीची वाट न पाहता करता येतो. एखाद्या रविवारी सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्ती आणि शाळेतील वरच्या वर्गातील विद्यार्थी यांनी पाच वर्षांखालील मूल असलेल्या घरांची यादी हाती घेऊन फेरी काढावी. प्रत्येक घरी चार गोष्टी पाहाव्यात : पाण्यावर झाकण, विषास कुलूप, वायर सुस्थितीत आणि दारास फाटक. उणीव आढळल्यास दोष न देता नोंद करावी आणि महिन्याभराने पुन्हा भेट द्यावी. या फेरीचे फलित महिला सभेत आणि त्यानंतर ग्रामसभेत वाचून दाखवावे. जेथे मूल नुकतेच रांगू लागले आहे, ते घर यादीत पहिले असावे.

बाळंतविडा आणि बारशाची कुंची देण्याची रीत आपल्याकडे आहेच. त्या आहेरासोबत आजोळच्या किंवा शेजारच्या मंडळींनी हौदाचे एक भक्कम झाकण करून दिले, तर त्याहून मोलाची भेट कोणती असेल? बाळ पाळण्यात आहे तोवरच ते बसले पाहिजे. रांगू लागलेले मूल मोठ्यांची सवड पाहून थांबत नाही.